सगळे घरी पोचतात ना?

कुंदाकाकू कुठलाही सिनेमा शेवटाकडून सुरू करत. आधी शेवटची दहा मिनिटं बघायची. नायक-नायिका एकमेकांच्या गळ्यात पडली, रुसलेला बाप हसला, हरवलेलं कुत्रं दारात आलं, की मग रिमोट दाबून पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा शेवट वाईट, तो सिनेमा त्यांच्या घरात लागत नसे, मग त्याला जगभरची बक्षिसं मिळालेली का असेनात. मी एखादा नवीन सिनेमा सुचवला की त्यांचा एकच प्रश्न असे, "शेवटी सगळे घरी पोचतात ना?"

भाईंदरजवळच्या पूनम सागर सोसायटीत आमची दारं समोरासमोर. त्या लालबागची खोली विकून आलेल्या, आम्ही गिरगावातून. बरीच वर्षं आमचं नातं विरजणापुरतं होतं. मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि त्यांचा पलंग बेडरूममधून हॉलमध्ये टीव्हीसमोर आला. मदतीला बाई यायची, पण रविवारी तिची सुट्टी, आणि काकांची कूस बदलायला दोन माणसं लागत. म्हणून रविवारी दुपारी मी जाऊ लागले. मी आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात मान मोडून आलेली असे, आणि काकूंना तर रविवारच नव्हता. दोघी मिळून काकांना वळवायचो आणि सोफ्यावर बसायचो, ते उठायचं त्राण नसायचं. म्हणून सिनेमा.

काका धडधाकट असताना त्यांना मारामारीचे सिनेमे लागत. काकूंच्या आवडीला ते 'गुळाची ढेप' म्हणायचे. "लावलीस का तुझी ढेप?" असं विचारून पेपर तोंडासमोर धरायचे आणि पेपराच्या वरून अख्खा सिनेमा बघायचे. आता ते विचारू शकत नव्हते, तरी काकू उत्तर देत. शेवट तपासून झाला की पलंगाकडे वळून म्हणत, "अहो, ढेप लावलीय हं. पोचतात सगळे, मी बघितलंय." काकांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत. ती ऐकून हलत की आपली अशीच, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मी एकदा न राहवून म्हटलं, "काकू, शेवट आधीच बघितल्यावर मजा काय राहते?"

"मजेसाठी कोण बघतंय गं?" त्या म्हणाल्या. "शेवट ठाऊक असला की मधलं सोसतं. नाहीतर जीव टांगणीला. घरात टांगलाय तेवढा बस झाला."

भांडता भांडता प्रेमात पडणाऱ्या जोड्या त्यांना आवडत, पण नन्सचे सिनेमे म्हणजे जीव की प्राण. एखादी अवखळ नन सायकलवरून उतार उतरते, कडक मोठ्या सिस्टर आधी डोळे वटारतात आणि शेवटी तिच्याबरोबर गातात, असं काही लागलं की काकू कंबरेमागची उशी सारखी करून ताठ बसत. त्यांचं लक्ष मात्र भलतीकडेच असे. "एवढं मोठं घर, पण एकही बाई एकटी जेवत नाही बघ," त्या म्हणत. "एकीने झाडलं, दुसरीने पुसलं, आणि वर गाणी. आपल्याला नुसतं झाडताना धाप लागते."

चौथ्या वर्षी काकूंची कंबर गेली. काकांना सावरताना काहीतरी सरकलं आणि त्या स्वतःच आठवडाभर जमिनीवर पडून होत्या. मुलगी नाशिकहून धावत आली. "आई, तूही आडवी झालीस तर बाबांना कोण बघणार?" एवढंच ती म्हणाली. कुणीतरी भाईंदरपलीकडच्या, समुद्राकाठच्या डोंगरी गावातलं एक घर सुचवलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं, नन्सनी चालवलेलं. नन्स म्हटल्यावर काकू क्षणभर उजळल्या आणि लगेच विझल्या. "मी माझ्या माणसाला घराबाहेर काढतेय, माधवी," त्या मला म्हणाल्या. "असला पिक्चर मी लावलाच नसता."

तरी बघायला म्हणून आम्ही दोघी बसने गेलो. सुक्या बोंबलांचा वास, चढाची वाट आणि वर बैठी, कौलारू इमारत. दारात ज्या मोठ्या सिस्टर भेटल्या, त्या मूळच्या केरळच्या, वयस्कर, जाडजूड, दोन्ही गुडघ्यांनी अधू. आधी त्या धप्पकन खुर्चीत बसल्या, मग आम्हाला बसा म्हणाल्या. डायपर किती आणायचे, भेटायला कधी यायचं, सगळं एका दमात सांगून झालं. काकूंचा चेहरा पडत चालला होता. शेवटी त्यांनी विचारलंच, "सिस्टर, आप लोग गाते नहीं क्या?"

"गाना? सुबह चॅपल में गाते हैं. बाद में टाइम किधर है?" सिस्टर म्हणाल्या. मग काकूंकडे जरा निरखून बघत, "पिक्चर देखती हो आप?"

काकूंनी मान हलवली, आणि सिस्टर पहिल्यांदा हसल्या. "मेरे को वो शादीवाला बहुत अच्छा लगता है. लड़का-लड़की झगड़ा करते हैं, झगड़ा करते हैं, फिर मैं सो जाती हूँ. इतना थक जाती हूँ ना. शादी आज तक देखा नहीं."

"होती है शादी, सिस्टर," काकू कळवळून म्हणाल्या. "हर बार होती है."

बोलता बोलता सिस्टर उठल्या, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची घसरलेली मान त्यांनी हाताने उचलली, खालची उशी दुमडून पुन्हा लावली आणि गुडघा चोळत परत आल्या. काकूंनी मुद्द्याचं विचारलं. "हमारे इनका आगे क्या होगा?"

"आगे का मेरे को नहीं मालूम," सिस्टर म्हणाल्या. "बीच का मैं करेगी."

परतीच्या बसमध्ये भाईंदर जवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "गात नाही गं ती. पण उशी बरोबर लावली."

काका तिकडे गेले. पहिल्या दिवशी रिकामा पलंग बघून काकू स्वयंपाकघरातच जेवल्या, हॉलमध्ये आल्याच नाहीत. मग त्यांच्या डोंगरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. कंबरेला पट्टा, पिशवीत काकांची मऊ खिचडी. काकांना भरवून झालं की त्या सिस्टरांशेजारी बसून त्यांच्या झोपेमुळे आदल्या दिवशी अर्धवट राहिलेल्या सिनेमाचा शेवट सांगत. विमानतळावर तो धावत कसा येतो, ती मागे वळून कशी बघते, सगळं साभिनय. सिस्टर हनुवटीला हात लावून ऐकत आणि मध्येच, "सच्ची?" म्हणत. मी एक-दोनदा बरोबर गेले तेव्हा हे बघितलं. दोघीही इतक्या दमलेल्या असत, की त्या हसल्या तरी मला रडू यायचं.

आणि काका गेले तेव्हा काकू बसमध्ये होत्या. खिचडीचा डबा मांडीवर, रस्त्यात कुठलीशी मिरवणूक, बस जागची हलेना. प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी बघून ठेवणाऱ्या बाईला हा शेवट मिळाला नाही. मी ऑफिसातून पोचले तेव्हा त्या काकांच्या खाटेपाशी बसून एकच वाक्य घोकत होत्या, "एकटे गेले गं, एकटे गेले."

मोठ्या सिस्टर खुर्ची ओढत जवळ आल्या. त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले. "अकेला नहीं," त्या म्हणाल्या. "मैं थी. हाथ पकड़ा था. आज नहीं सोई मैं. पूरा जागी थी."

तेव्हा काकू रडल्या. चार-साडेचार वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुलगी त्यांना नाशिकला घेऊन जायला आली. सामान बांधायला माणसं आली, तेव्हा काकूंनी बजावलं, "टीव्ही शेवटी काढायचा." जायच्या दिवशी दुपारी खोकी दाराशी लागलेली, मुलगी सोसायटीच्या ऑफिसात गेलेली, आणि आम्ही दोघी सोफ्यावर. मी सवयीने रिमोट घेतला आणि सिनेमा पुढे पळवायला लागले. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. पहिल्यापासून लाव."

तो भांडता भांडता प्रेमात पडणाऱ्यांचाच होता. पहिल्या भांडणाला काकू हसल्या, दुसऱ्याला जरा मागे रेलल्या, आणि तिसरं सुरू व्हायच्या आत त्यांचा डोळा लागला. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. दिवसाउजेडी त्यांना असं झोपलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी आवाज कमी केला.

जाग आली तेव्हा टेम्पोवाला बेल वाजवत होता. काकूंनी डोळे चोळले, पदर सावरला, बंद खोक्यांकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पोचले का गं सगळे घरी?"

पडद्यावर नावं वर सरकत होती. मलाही झोप लागली होती, शेवट मी बघितलाच नव्हता.

"पोचले, काकू," मी म्हटलं.