पांढऱ्या शर्टावरचा अंगठा

"आ काका तमारा ओळखीता छे?"

फ्लोअर मॅनेजरनं मला विचारलं. माझ्यापासून तीन हातांवर माझे बाबा उभे होते. अनवाणी. हातात एक पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या कॉलरवर पिवळा अंगठा उमटलेला.

मी म्हणाले, "ना, सर."

दोन शब्द. अगदी स्पष्ट आले. ट्रेनिंगमध्ये आम्हाला स्पष्ट बोलायला शिकवलं होतं.

बडोद्यात ते दुकान तेव्हा नवीन होतं. दुकान कसलं, चार मजल्यांची काच. रविवारी लोक नुसता सरकता जिना बघायला यायचे. बायका साडी पोटरीपर्यंत उचलून, एकमेकींचा हात धरून पहिल्या पायरीवर पाय टाकायच्या आणि आम्ही विक्रेत्या मुली हसू दाबायचो. मी दुसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या शर्टांपाशी उभी असायचे. उभी म्हणजे उभीच, दहा तास. बसायला स्टूल नव्हतं. पण आमच्या घराण्यात गार हवेत काम करणारी मी पहिली. आई गल्लीत सगळ्यांना तेच सांगायची.

बाबा नंदेसरीला, रंगाच्या कारखान्यात. कापडाला लावतात त्या रंगाची भुकटी पिंपात भरायचं काम. कोपरापर्यंत हात पिवळे. घरी येऊन ब्लीचिंग पावडरनं घासायचे. कातडी निघायची, रंग निघायचा नाही. कोरडे असताना हात निदान गप्प असायचे. घाम आला की आतून पिवळं पाणी सुटायचं. उशी पिवळी, बनियन पिवळं. छाणीतल्या आमच्या दोन खोल्यांत पांढरी चादर कधी आलीच नाही. पणजोबा गायकवाडी पलटणीत शिपाई होते, हे बाबा फार रुबाबात सांगायचे. पलटण गेली, रुबाब तेवढा राहिला होता.

सणाला कापड घ्यायला आम्ही मांडवीत जायचो. चपला पायरीवर काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं. दुकानदार ताग्यावर तागा उलगडायचा. आई कापड चिमटीत धरून बघायची, पोत कसा आहे, विरळ आहे का. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायचे. दुकानदार म्हणायचा, "जुओ ने भाई, हाथ लगाडीने जुओ." बाबा नुसती मान हलवायचे. सबंध आयुष्यात त्यांनी दुकानातल्या कापडाला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

त्या दिवशी मीच बोलावलं होतं. गुरुवार, त्यांच्या सुट्टीचा वार. जुन्या बिलाच्या पाठीवर रस्ता काढून दिला होता. छाणीहून बसनं स्टेशन, रुळांखालच्या गरनाळ्यातून पलीकडे, मग अलकापुरीतून सरळ रेसकोर्सकडे. काच दिसली की आलंच. रिक्षा करा, असंही सांगितलं होतं. ते स्टेशनपासून चालत आले. वैशाखातली दुपार होती.

आणि दाराशी येऊन त्यांनी चपला काढल्या. भिंतीला लावून, जोडीनं, नीट. दुकानात शिरताना माणूस चपला काढतो, एवढं त्यांना माहीत होतं. इथे काढायच्या नसतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. हेसुद्धा सांगावं लागेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. गार्ड तेव्हा एका मोठ्या गाडीचं दार उघडत होता, म्हणून ते आत येऊ शकले.

सरकता जिना टाळून, साध्या जिन्यानं ते वर आले. मला युनिफॉर्ममध्ये पाहून असे हसले की माझाही ऊर भरून आला. मी एक पांढरा शर्ट काढला, घडी मोडली आणि हळूच म्हटलं, "बाबा, बघा ना. हात लावून बघा."

त्यांनी तळवे पँटला पुसले. एकदा, दोनदा. मग शर्ट हातात घेतला आणि कॉलर चिमटीत धरली, आई धरायची तशी. पोरीचं दुकान, म्हणून. त्यांना घाम आलेला होता हे मला दिसत होतं. तरी मी बोलले नाही, कारण मी खूश होते.

शेजारी एक बाई मुलीबरोबर उभ्या होत्या. कारेलीबागेतल्या, नेहमीचं गिऱ्हाईक. मराठी. त्यांचे आजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते, हे त्यांनी मला मागे एकदा सांगितलं होतं. माझं मराठी किती शुद्ध आहे, असं कौतुकही केलं होतं. बाई मुलीला म्हणाल्या, "तो रॅक नको गं. त्या माणसानं हात लावलाय. अनवाणी आलाय बघ. कुणालाही आत सोडतात."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. भाजी निवडताना बोलावं तसं बोलल्या. बाबांना प्रत्येक शब्द कळला, कारण तो त्यांच्याच भाषेतला होता. मग बाईंनी मॅनेजरला हात केला. तो आला, त्यानं विचारलं, आणि मी जे सांगायचं ते सांगितलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग शर्ट काउंटरवर ठेवला, मोडलेली घडी परत घालायचा प्रयत्न केला आणि हात पाठीमागे घेतले. म्हणाले, "माफ करजो, बेन. भूलथी आवी गयो."

मला. पोटच्या पोरीला. बेन. चुकून आलो म्हणाले. माझी नोकरी जाऊ नये म्हणून माझा बाप माझ्यादेखत परका झाला. मी होऊ दिला.

गार्डनं हाताला फडकं गुंडाळून त्यांचं कोपर धरलं. मॅनेजरनं मला सुगंधाचा डबा दिला. "छांटी दो." बाबा उभे होते त्या फरशीवर मी फवारा मारला. बाई म्हणाल्या, "थँक यू." खालच्या रस्त्याकडच्या काचेतून मला बाबा दिसले. ते चपला शोधत होते. गार्डनं कचऱ्याच्या पिंपाकडे बोट केलं. बाबांनी पिंपात हात घातला नाही. तसेच निघाले.

संध्याकाळी सुटल्यावर मी त्याच रस्त्यानं स्टेशनपर्यंत चालत गेले. अलकापुरीत बंगल्यांच्या फाटकांसमोर माळी पाणी मारतात, तिथं गार लागतं. पण तिथं पहारेकरी कुणाला थांबू देत नाहीत. पुढे रसाचा गाडा. त्याच्या छत्रीखाली ते उभे राहिले असतील का? गरनाळ्यात नेहमी ओल असते. तिथं नक्की थांबले असतील. मी प्रत्येक ठिकाणी त्यांचे पाय ठेवून बघत होते. मीच काढून दिलेला रस्ता होता तो.

घरी आई त्यांच्या तळव्यांना तूप लावत होती. फोड आले होते. चपला बसमध्ये हरवल्या, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. मला म्हणाले, "दुकान मस्त गार आहे हं. बरं आहे तुला." मी जेवायला बसले. मी जेवले, हेसुद्धा सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचा पुसायला फडकी वाटली. डाग पडलेला माल असाच फाडून वापरायचे. माझ्या हातात कॉलरचा तुकडा आला. वर पिवळा अंगठा, रेघांसकट. त्या अंगठ्यानं मला काच पुसायची होती.

मी मॅनेजरसमोर गेले, सगळ्या मुलींदेखत म्हणाले, "ए मारा बाप हता. काले आव्या हता ए."

तो चिडला नाही. घड्याळाकडे बघत म्हणाला, "तो काले केम ना पाडी?"

मग काल नाही का म्हणालीस? वर्षं झाली, मी या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे.

मी युनिफॉर्म काढून दिला. कंपनीचे काळे बूट दिले. स्वतःच्या चपला हातात घेऊन बाहेर आले, बाबांनी ठेवल्या होत्या तिथंच भिंतीला लावून ठेवल्या आणि अनवाणी चालत स्टेशनला गेले. वाटलं होतं, पाय भाजतील. पण सकाळ होती, डांबर गार होतं. मला एकही फोड आला नाही. नाटकच होतं ते.

बाबांना सांगितलं, नोकरी सोडली. का सोडली, तेही सांगितलं. त्यांनी तळपायावरचा फोड अंगठ्यानं दाबून बघितला. मग म्हणाले, "मग मी अनवाणी कशाला चाललो?"

आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि पुढे रस्त्यात मी कुणाबरोबर दिसले की ते पलीकडच्या बाजूला जायचे. मी हाक मारली तरी थांबायचे नाहीत. मला लाज वाटू नये, म्हणून. ही सवय त्यांनी शेवटपर्यंत मोडली नाही, आणि मला मोडता आली नाही.

काही वर्षांनी लघवीतून रक्त पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रंगात काम करणाऱ्यांना होतं असं. मी कारखान्याच्या गेटवर गेले. आतून साहेब आला, रजिस्टर न उघडता म्हणाला, "ए अमारो माणस नथी. ठेकेदारनो छे." मी दचकले. ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. आधी माझंच बोलून झालं होतं. भांडायला तोंड उघडलं, पण त्याआधी माझंच "ना, सर" माझ्या कानात आलं.

बाबा गेले. आंघोळ घालताना मी त्यांचे हात साबणानं धुतले. पाणी पिवळंच आलं.

आता मी छाणीच्या एका वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारींना तारा गुंडाळते. ते दुकान अजून उभं आहे, वर एक मजला चढलाय. मी तो रस्ता टाळत नाही. कधी त्या दाराशी कुणी मळक्या कपड्यातला, हात पाठीमागे घेतलेला माणूस घुटमळताना दिसतो. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते. गार्ड विचारतो, कोण हा. मी सांगते, "मारा छे." त्या माणसाचं नावही मला माहीत नसतं. बहुतेक वेळा गार्ड दोघांनाही हाकलतो. यानं काही बदलत नाही, बाबांपर्यंत काही पोचत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हाकलू दे. "ना, सर" हे या तोंडातून पुन्हा निघणार नाही.