सरडीण मोकळी झाली

आमच्या जाळीच्या कपाटाचा पाय मोडला तेव्हा मी ते फेकू दिलं नाही, म्हणून मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला वर्षभर ऐकवलं. दूधदुभत्याला नवं कपाट आलं आणि जुनं मी व्हरांड्यात विटांवर टेकवून ठेवलं. "भंगार गोळा करायची लय हौस तुला," असं ते जाता-येता म्हणायचे. त्याच भंगारात मी पुढं एका सरडिणीच्या बाळंतपणाची तयारी केली. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत, मला फरक पडत नाही.

तेव्हा आम्ही येलदरीला धरणाच्या कॉलनीत राहत होतो. मालक पॉवरहाऊसमध्ये पाळीवर होते. धरणाचं मोठं काम कधीच संपलं होतं, माणसं बदलून गेली होती. आमच्या ओळीत आम्ही आणि अगदी टोकाला एक कुटुंब, एवढीच वस्ती. मधल्या रिकाम्या क्वार्टरांच्या दारांच्या कड्यासुद्धा कुणीतरी काढून नेल्या होत्या. रात्रपाळी असली की मालक दिवसा झोपायचे, आणि भांडं वाजू नये म्हणून मी घरात चोरासारखी वावरायची. कपबशी विसळतानाही जीव मुठीत. दुसऱ्या पाळ्यांना ते जागे असायचे, पण तेव्हाही त्यांना बोलायची फारशी सवय नव्हती. मी मग स्टोव्हशी बोलायची. तो निदान फुरफुरायचा तरी.

त्या पावसाळ्यात मात्र मला घर सुनं वाटत नव्हतं, कारण लेक येणार होती. एकुलती एक लेक, पुण्याला दिलेली, आणि पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी विचारतसुद्धा नाही, ठरलेलंच असतं. माझं झालं ते माझ्या आईच्या घरी. त्यानंतर मला पुन्हा दिवस गेले नाहीत, त्यामुळं माझ्या स्वतःच्या घरानं बाळंतपण कसं असतं ते पाहिलंच नव्हतं. माझ्या घरात, माझ्या हातानं एक बाळंतपण सुखरूप पार पडावं, एवढीच माझी इच्छा होती. मी कंबर कसून तयारीला लागले. बाज नव्या सुतळीनं विणून घेतली. मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. बाळंतशेपा, वावडिंग, शेकायला शेगडी, सगळं जमवलं. डिंकाचे लाडूसुद्धा आधीच बांधून डब्यात भरले आणि डबा पत्र्याच्या पेटीत ठेवला.

सातवा लागला तसा पुण्याहून पॉवरहाऊसच्या फोनवर निरोप आला. मालक पाळी संपवून घरी आले, चहा प्याले, आणि बूट सोडता सोडता म्हणाले, "ती यायची न्हाई. जावयांनी तिकडंच दवाखान्यात नाव घातलंय."

"आन मी?"

"तुझं काय?" त्यांनी विचारलं, आणि झोपायला गेले.

माझं काय, ते त्यांना कळलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी तिच्या दारात गेले नव्हते. ज्या घरचं पाणी चालत नाही तिथं जाऊन बाळंतपण कसं करणार? आणि ये म्हणून निरोप तरी कुठं होता? मी बाज भिंतीला उभी करून ठेवली. शेजारून जाताना ती पायाला लागायची, आणि दर वेळी मला नव्यानं राग यायचा.

त्याच आठवड्यात कॉलनीतली दोन पोरं एका सरड्याच्या गळ्यात सुतळी बांधून त्याला फरफटत चालली होती. एरवी मी सरड्याकडं पाहिलंही नसतं. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलंच होतं, पोरं आयती सापडली. मी झाडू घेऊन धावले, पोरं पळाली, सुतळी माझ्या हातात राहिली. गळ्याला काचून जखम झाली होती, पुढचा एक पाय टेकवत नव्हती. तिला झाडावर सोडावं तर कावळा उचलणार. मी गळ्याची सुतळी कात्रीनं कापली, जखमेवर हळद चोपडली आणि तिला जाळीच्या कपाटात ठेवून दार लावलं.

"टेकवत नव्हती" असं मी आता म्हणते, तेव्हा मी तिला सरडाच समजत होते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा जाळीतून तिचं पोट दिसलं. दोन्ही कुशी फुगलेल्या, आणि कातडीखाली शेंगदाण्याएवढे उंचवटे, एकाला एक लागून. मी नुसती बघत बसले. मग तिला म्हटलं, "बाई गं, तुझं माहेर कुठं?"

मालक उठून बाहेर आले. "हे काय आणलंस?"

"पोटुशी हाय."

"आन तुला कसं कळलं? तिनं सांगितलं व्हय?" ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते, तेही माझ्यावर.

मी तिची बडदास्त ठेवली. गवतात फिरून नाकतोडे धरायचे. पदरात धरलेला नाकतोडा आणि तोंडात त्याला शिव्या, असा माझा अवतार असायचा. वाटीतलं पाणी ती प्यायची नाही. कपाटात ठेवलेल्या कडुनिंबाच्या फांदीवर पाणी शिंपडलं की पानावरचे थेंब चाटायची. सकाळचं ऊन लागावं म्हणून मी कपाट थोडं थोडं सरकवायची, दुपारी त्यावर ओलं पोतं टाकायची. पाय बरा झाला, जखमेवर खपली धरली. तेव्हाच तिला सोडायला हवं होतं, हे मला समजत नव्हतं असं नाही. पण सरडीण अंडी मातीत घालते एवढं माहीत होतं, आणि मला वाटलं, घालू दे की इथंच. माझ्याकडं कशाला कमी आहे?

आमच्या काळ्या मातीची आम्हा परभणीच्या लोकांना भारी घमेंड. मी शेतकऱ्याची लेक, तिला सोडून दुसरी कोणती माती माझ्या डोक्यातच आली नाही. कॉलनीमागच्या रानातून घमेलंभर आणली, पिठाच्या चाळणीनं चाळली, पाणी शिंपडून ओली केली आणि घमेलं कपाटात खाली ठेवलं. सरडीण त्यात उतरली. उकरायला लागली तशी माती तिच्या नखांना चिकटली, मग बोटांना, मग पंजे चिखलाचे गोळे झाले. पावसाळ्यात निंदायला गेलेल्या बायांच्या पायांची हीच गत होते, ते मी जन्मभर बघितलेलं. तरी मला आधी सुचलं नाही. ती कशीबशी फांदीवर चढली. दुसऱ्या दिवसापर्यंत माती वाळून दगड झाली आणि तिला भेगा पडल्या. मी पुन्हा भिजवली. पुन्हा तेच. मग नदीची वाळू मिसळली. मग राख मिसळली. ती प्रत्येक वेळी खाली यायची, जरा उकरायची, थांबायची आणि परत जायची.

मग तिनं नाकतोडेही सोडले. जाळीला तोंड लावून नुसती बसून राहायची, कधी जाळीवर नखं घासायची. कातडीखालचे उंचवटे आणखी वर आलेले. मला त्या स्थितीचं नाव पक्कं माहीत होतं. ती अडली होती. बाई अडली म्हणजे काय होतं ते मी माहेरी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि भोगलेलंही. आता ही माझ्या घरात, माझ्या कपाटात मरणार, असं मला वाटायला लागलं. माझ्या हातचं एकमेव बाळंतपण, आणि तेही असं. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडले. आवाज न करता, कारण आत मालक झोपलेले होते.

रडता रडता आई आठवली. मी अडले होते तेव्हा आईनं घरातलं सगळं उघडलं होतं. पेट्या, डबे, कणगीचं तोंड, माझी वेणी, बांधलेली गाठोडी. बाई मोकळी व्हायची तर घरात काही बांधलेलं, झाकलेलं ठेवायचं नाही. गोठ्यातल्या म्हशीचं दावंसुद्धा तिनं सोडलं, आणि म्हैस शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली, त्याचं भांडण पुढं कित्येक दिवस चाललं. पण मी मोकळी झाले.

मी डोळे पुसले आणि उठले. स्वयंपाकघरातल्या एकूणएक डब्यांची झाकणं काढली. तिखट, मीठ, हळद, पीठ, सगळं उघडं. माझा अंबाडा सोडला. दोरीवरच्या गाठी सोडल्या. लेकीसाठी भरलेल्या पत्र्याच्या पेटीची कडी काढली आणि झाकण भिंतीला टेकवलं. आतून डिंक आणि खारकेचा वास आला. या गडबडीत एक झाकण हातातून सुटलं आणि गरगरत जाऊन मालकांच्या उशाशी थांबलं.

ते धडपडून उठले. उघडी पेटी, उघडे डबे आणि केस मोकळे सोडलेली बायको बघून म्हणाले, "चोर आला व्हता का?"

"सरडीण अडलीय. तुमच्या बॅगेचं कुलूप काढा."

आता ते चिडतील असं वाटलं. ते चिडले नाहीत. उठले, करदोट्याला अडकवलेली किल्ली काढून बॅग उघडली, माझ्यामागं व्हरांड्यात आले. कपाटासमोर उभे राहून बराच वेळ डोकं खाजवत होते.

"समदं उघडलंस," ते म्हणाले. "तिचंच दार तेवढं लावलेलं हाय की."

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू. एवढे दिवस मी राबले, यांनी एक नाकतोडा धरला नाही, आणि आता हे मला शिकवणार. पण दार खरंच लावलेलं होतं. मी कपाटाची कडी काढली.

ती लगेच गेली नाही. उघड्या दारात मान वर करून बसून राहिली. मग उतरली, माझ्या चाळलेल्या मातीच्या घमेल्यावरून सरळ पलीकडं गेली, पायऱ्या उतरली, अंगण ओलांडलं आणि कुंपणाच्या तारेखालून बाहेर पडली. तिथं धरणाच्या कामातला मुरमाचा जुना ढीग पडलेला होता, गवत वाढलेला. त्याच्या उन्हाच्या अंगाला तिनं उकरायला सुरुवात केली. मुरूम कसा सळसळ मागं पडत होता! मी कुंपणाच्या अलीकडं उभी, तारेला धरून. पाऊल पुढं टाकायची छाती होत नव्हती. तिनं खड्ड्यात अंग मागं घेतलं आणि डोळे मिटले. सगळं झाल्यावर तिनं मुरूम परत लोटला आणि डोक्यानं दाबून दाबून बसवला, दुपट्यात गुंडाळलेलं मूल आपण थोपटतो तसा. पोट पार खपाटीला गेलं होतं, कुशीची कातडी लोंबत होती. ती बाभळीवर चढली आणि दिसेनाशी झाली. मागं वळून बघितलं नाही. बघेल तरी कशाला?

"मोकळी झाली," मालक म्हणाले. मला कळेपर्यंत ते आत जाऊन झोपलेही.

मी तिथंच उभी राहिले. एवढी माती चाळली, एवढे नाकतोडे धरले आणि बाईसाहेब बाळंत झाल्या कुंपणाबाहेर! पण राग टिकेना. तिला जिथं जमलं तिथं तिनं केलं. माझं घर तिला नको होतं असं नाही, माझ्या घरात तिला जमत नव्हतं. ती मोकळी झाली आणि अडून बसले होते ती मीच. घरात येऊन मी डब्यांना झाकणं लावत सुटले. पत्र्याच्या पेटीपाशी आले आणि हात थांबला. ती पेटी काही माझ्यानं लावली गेली नाही.

"पुण्याला जाते," मी मालकांना जागं करून सांगितलं.

"आन पाणी?"

"तांब्या नेते."

फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून, पेटी डोक्यावर घेऊन मी निघाले. जिंतूरच्या स्टँडवर कळलं, बंद आहे. विद्यापीठाच्या नावावरून त्या वर्षांत सारखे मोर्चे, बंद चालायचे. एसट्या जागच्या जागी उभ्या होत्या, पोलिसांची गाडी येत-जात होती. पेटीवर बसून मी वाट बघितली. गाडी सुटेपर्यंत निम्मा तांब्या संपला, आणि पुण्याच्या अलीकडं कुठंतरी उरलेलाही.

लेकीनं दार उघडलं. पोट माझ्या अंदाजापेक्षा मोठं, पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. आधी तिनं माझ्याकडं, मग पेटीकडं आणि मग रिकाम्या तांब्याकडं बघितलं.

"आलीस कशी?" तिनं विचारलं.

"बोलावलं नाहीस, तरी आले."

"कसं बोलावू?" ती म्हणाली. "पाणी घेणार न्हाईस तू. बाहेरून पाणी आणून पिणारी आई मला बघवली नसती गं."

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती पेल्यात पाणी घेऊन आली आणि माझ्यापुढं धरलं. धरलं आणि नजर खाली घातली, मी नाही म्हणणार हे गृहीत धरून.

मी पेला घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्याले.

"आणखी दे," मी म्हणाले.