काळे हातमोजे

फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरच्या एका गावात माझी मुलगी राहते. तिथल्या छोट्या संग्रहालयातल्या बाईंनी खणातून कातड्याचे काळे हातमोजे काढून माझ्या हातावर ठेवले. शिवणीत मात्र पांढरं दिसत होतं.

"माझ्या आजीचे," त्या म्हणाल्या. "आजोबा फ्रीमेसन होते, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाचे सभासद. नव्या सभासदाला पांढऱ्या हातमोज्यांच्या दोन जोड्या मिळत. एक त्याला, एक त्याच्या सर्वांत लाडक्या बाईसाठी."

मग दुसऱ्या महायुद्धात सीमा सरकली, नवे जर्मन राज्यकर्ते आले आणि मेसन असणं हाच गुन्हा ठरला. आजोबांना घेऊन गेले. घरोघर झडत्या सुरू झाल्या. आजीने मोजे जाळले नाहीत, कारण जळक्या कातड्याचा वास शेजारी ओळखतात. तिने ते काळ्या रंगात बुडवले आणि तेच घालून ती पोलीस ठाण्यात नवऱ्याची चौकशी करायला गेली.

मला भीती वाटली ती त्या शेजाऱ्यांची. पोलीस परके होते, शेजारी रोजचे. आमच्या इमारतीतही कुणाकडे काय शिजतंय हे मला जिन्यातल्या वासावरून कळतं. आजवर ती मला आपुलकीच वाटत आली होती.

"हे बाहेर काचेच्या कपाटात का नाही ठेवत?" मी विचारलं.

"ठेवले होते. मागच्या महिन्यात एका माणसाने विचारलं, अशी घराणी गावात अजून आहेत का? फार सभ्यपणे विचारलं त्याने. आणि खिशातून वही काढली."