दोन झाडांची केस

"कलम कुठलं?" सोसायटीत कुणी गाडी आडवी लावली, कुणाच्या नळाला पाणी कमी आलं, की आमचे शेजारी, निवृत्त हवालदार, बोट वर करून एवढंच विचारत. आम्ही डहाणूचे, पण तुमच्याही इमारतीत असा एखादा असेलच. आम्ही हसायचो. ते हसत नसत.

गांजाचा विषय निघाला की मात्र गप्प होत. एकदाच बोलले.

"मास्तर, मी भरती झालो तेव्हा महाशिवरात्रीला देवळामागे चिलीम फिरायची आणि आम्ही पाठ करून उभे राहायचो. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. मग नवा कायदा आला. झाड तेच, पण वर्षानुवर्षांची कैद."

त्या कायद्याखाली त्यांनी जवळच्या वेवजी गावातल्या एका म्हाताऱ्याला धरलं होतं. घरामागे, वांग्यांच्या शेजारी, दोन झाडं. म्हातारा म्हणाला, "साहेब, कंबर झोपू देत नाय. तेवढ्यासाठीच लावलंय." हवालदारांनी पंचनामा केला, त्याला जीपमध्ये बसवलं. जामीन मिळाला नाही. खटला उभा राहण्याआधीच तो तुरुंगात वारला.

"सगळे असंच सांगतात," हवालदार म्हणाले. "मी काय समजायचं?"

गेल्या वर्षी त्यांच्या हाडांत कॅन्सर उतरला. गोळ्यांनी भागेना. मुलाने वैद्यांच्या चिठ्ठीवर तेलाची बाटली आणली. हवालदारांनी चष्मा लावून बाटलीवरचं नाव वाचलं. "विजया म्हणजे तेच झाड ना?"

"तेच. पण औषध म्हणून चालतं आता, बाबा."

त्यांनी बाटली बाजूला सारली. काही दिवस कण्हत काढले. शेवटी एका संध्याकाळी सुनेने जिभेखाली थेंब सोडले, तेव्हा त्यांच्यात नको म्हणायचंही त्राण नव्हतं.

सकाळी मी भेटायला गेलो. चेहरा कितीतरी दिवसांनी सैल दिसत होता.

"झोप लागली?"

"लागली. मास्तर, तो म्हातारा खरं बोलत होता हो."

मग हट्टच धरला, वेवजीला न्या. मुलगा आणि मी त्यांना गाडीत आडवं घालून घेऊन गेलो. म्हाताऱ्याची मुलगी अंगणात भात वाळवत होती. तिचेही केस पिकलेले. तिने त्यांना ओळखलं.

गाडीच्या दारातूनच ते म्हणाले, "बाई, तुझा बाप खरं बोलत होता."

"आमाला ठावं होतं," ती म्हणाली.

ती आत गेली. आता बाहेर येणार नाही, असं मला वाटलं. ती तांब्या घेऊन आली. हवालदारांना तांब्या पेलवेना. तिने तो त्यांच्या ओठांना लावला आणि पाणी संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

पुढच्याच महिन्यात हवालदार गेले.