अडकलेले पैसे आणि पवारकाकांची भाकरी

सुमनताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात हे नको, असं संपादकांचं मत पडलं, पण मी लिहिणारच. महाडजवळ बिरवाडीत खोली घेतली तेव्हा मी ताईंकडे डबा लावला होता. चार दिवस झाले नाहीत तोच त्या दारात उभ्या. दुधीची भाजी तशीच परत का आली, म्हणून विचारू लागल्या. मला दुधी आवडत नाही, असं मी तोऱ्यातच सांगितलं आणि वर दोन शब्द जास्तीचे ऐकवले. त्या निघून गेल्या. पुढच्या वेळी सगळ्यांना दुधी होता, माझ्या डब्यात मटकीची उसळ.

परत आलेला प्रत्येक डबा स्वतः उघडून बघायचा, ही त्यांची कामाची रीत. कोण नीट जेवत नाही, कोणाचं काय बिनसलंय, हे त्यांना तिथे कळतं. महाड औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कितीतरी माणसांची जेवणं ताई आणि त्यांच्या सोबतच्या बायका सांभाळतात. डबा नोंदवायची त्यांची वेबसाइट मी केली, आणि मागल्या वर्षी तिला ऑनलाइन पैसे भरायची सोय जोडायचं ठरलं.

तेव्हा ताईंनी एक नियम घातला. पैसे पोचल्याचं बँकेने कळवल्याशिवाय डबा भरायचा नाही. थोडा वेळ वाट पाहून ऑर्डर आपोआप रद्द. जेवून पैसे बुडवणाऱ्यांना बायका कंटाळल्या होत्या, त्यामुळे नियम सगळ्यांनाच पटला. स्वयंपाकघरात बसून आम्ही पुन्हा पुन्हा पैसे भरून पाहिले. कुठेही अडलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी डब्यांचा टेम्पो निघून गेला आणि ताई ओट्याशी थबकल्या. पवारकाकांची भाकरी कोणी भरली, असं त्यांनी विचारलं. कोणीच भरली नव्हती. पवारकाका दासगावचे, दुसऱ्या पाळीचे कामगार. त्यांना साखरेचा त्रास, म्हणून त्यांच्या डब्यात पोळीऐवजी भाकरी. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर ते इन्सुलिनची सुई घेतात, आणि सुई घेतल्यावर जेवण मिळालं नाही तर जिवावर बेतू शकतं. कॉम्प्युटरवर बघितलं तर त्यांची ऑर्डर रद्द. काकांनी कामावर येताना बसमध्येच पैसे भरले होते. बँकेचा होकार मात्र ऑर्डर रद्द झाल्यावर आला होता.

मी काकांना फोन लावला. उचलला तो कारखान्याच्या गेटवरच्या पहारेकऱ्याने.

"फोन इथं कपाटात हाय, मॅडम. मानूस आत हाय."

रसायनांच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करतात, हे बिरवाडीत कोणाला ठाऊक नाही? ताईंचे यजमान तर तिथूनच निवृत्त झालेले. तरी आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज त्या कपाटात पडून होता.

काकांना गाठायला मी पहारेकऱ्याला विनवलं. आतला फोन कोणी उचलत नाही, म्हणून तो दुसऱ्या माणसाला आत धाडतो म्हणाला. होकार उशिरा आल्याने रद्द झालेले बाकीचे डबे बायकांनी भरायला घेतले. ताईंनी तव्यावरची भाकरी डब्यात घातली, भाजी घातली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. वाटभर त्या एवढंच बोलल्या, "नियम माझा होता गो."

सुट्टी केव्हाच सुरू झाली होती. काकांना कोणीतरी धरून गेटवर आणलं होतं. अंगातला शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते. पहारेकऱ्याने आपला गोड चहा त्यांना पाजला होता. ताईंनी शेजारी बसून भाकरीचे तुकडे करून दिले. मी देवाचं नाव घेणाऱ्यांतली नाही, त्या वेळी घेतलं. हळूहळू काकांच्या हातांची थरथर थांबली.

"सुई घेतलेली ओ ताई," काका म्हणाले. "तुमचा डबा येनार नाय, असं मनात तरी कसं येल?"

ताईंना मी एकदाच रडताना पाहिलं, ते तिथे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांसमोर त्यांनी चूक आपली असल्याचं सांगितलं, आणि नियम बदलून घेतला. पैसे वाटेत अडकले तरी डबा जातो; हिशेब मागाहून. वेबसाइटला काही नवं जोडलं की ताई मला गेटवर नेतात, माझा फोन कपाटात ठेवायला लावतात, फोनवाचून कोणाचा डबा अडत नाही ना हे बघतात आणि मगच काम पास करतात. माझी चिडचिड होते. त्या ऐकत नाहीत.

एक तक्रार मात्र आज चारचौघांत मांडते. सगळ्यांना वेळेवर जेवू घालणाऱ्या ताई स्वतः कधीच वेळेवर जेवत नाहीत. आम्ही सांगून थकलो. हल्ली पवारकाका फोन गेटवर जमा करण्याआधी रोज ताईंना लावतात. "ताई, जेवलात का?" एवढंच विचारतात. ताई हो म्हणाल्याशिवाय ते गेटच्या आत पाऊल टाकत नाहीत, आणि त्यांना उशीर होऊ नये म्हणून ताई मुकाट्याने ताटावर बसतात.

सुमनताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. काकांचा तो फोन रोज येवो, आणि तो वाजण्याआधीच ताईंचं जेवण झालेलं असो.