न चमकणारा ठिपका

अमेरिकेत, ॲन आर्बर शहरातल्या आमच्या लॅबमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. नागपूरची, कामात सतत गुणगुणणारी. न्यूमोनियाच्या जंतूंवर साखरेचं चमकदार कवच असतं. ते कुठल्या जीनमुळे बनतं, हे मी दोन वर्षं शोधत होतो. एकदा मी फेकायला काढलेली, जंतूंचे ठिपके वाढवलेली प्लेट तिनं उजेडात धरली.

“अरे यार, हा एक ठिपका चमकत नाहीये. कवच गेलंय याचं!”

त्याच ठिपक्यातल्या जंतूंमध्ये काय बिघडलंय ते तपासून तिनं महिन्याभरात तो जीन शोधला. मी आतून जळत होतो. मीटिंगमध्ये प्रोफेसर तिचं कौतुक करू लागले, तर ती म्हणाली, “प्लेट याची होती. रिसर्च पेपरवर याचं नाव आधी हवं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. तिनं श्रेय लाटलं असतं, तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं.