पिकलेलं पाणी

जालन्यात नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे घरात दुसरं काही सुचायचं नाही. मागच्या खेपेचं उरलेलं शिळं पाणी झाडांना ओतायचं, हंडे-पिंप घासून काढायचे आणि ताजं भरायचं. तीर्थपुरीहून लग्न होऊन मी मस्तगडच्या दोन खोल्यांत आले तेव्हा पोळ्या वेड्यावाकड्या व्हायच्या, पण या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

आमच्या ह्यांनी एकदा कचेरीतून येताना काचेची टाकी आणली. तळाशी खडे, वर पाणी, एका कोपऱ्यात गुरगुरणारा फिल्टर. मासा एकही नाही. असे तीन-चार आठवडे गेले. मी शेजारणीला म्हटलं, "आमच्याकडं पाण्याचं प्रदर्शन लागलंय, बघायला या."

हे म्हणाले, "टाकी सायकल होऊन राह्यलीय. पाणी पिकू दे, मंग मासे."

माशांची घाण पचवणारे बारीक जंतू टाकीत वाढायला वेळ लागतो, त्याला सायकल म्हणतात. हे आज मी लिहू शकते. तेव्हा "जंतू" एवढा एकच शब्द माझ्या कानात शिरला आणि त्यानं पुढचा घोळ केला.

सहा गप्पी आल्या, शेपट्या मिरवत फिरू लागल्या आणि लगेच नळाचा दिवस आला. मला त्या मुक्या जिवांची दया आली. महिन्याभराचं शिळं पाणी, तेही जंतूंचं! गप्पींना पातेल्यात काढलं, टाकी मोरीत उपडी केली, एकेक खडा राखेनं घासला, फिल्टरसुद्धा खळखळून धुतला. मग नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं आणि संध्याकाळी कौतुक ऐकायला दारातच उभी राहिले. टाकी लखलखत होती. सकाळपर्यंत सहाही गप्पी वर तरंगत होत्या.

ह्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. एवढंच म्हणाले, "एक हिस्सा पाणी काढायचं, तीन हिस्से ठेवायचं. नव्या पाण्यातलं क्लोरीन आधी उडू द्यायचं."

"मंग मला कशाला सांगून राह्यले? तुमची टाकी, तुम्ही बघा."

असं बोलणारी ती शहाणी मीच.

टाकी त्यांनीच बघितली, आम्ही स्वतःच्या घरात आल्यावरही. रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून ते बोलायचे आणि मी मेथी निवडत हं-हं करायचे. कोणता मासा कोणाबरोबर नांदतो, त्याला टँकमेट म्हणतात. एंजल मासा गप्पींचा टँकमेट नाही, गिळून टाकतो. मी एकदा विचारलं, "आपण टँकमेट आहोत का?" म्हणाले, "पहिली काही वर्षं न्हाई. आता बराबर जमलंय."

ते गेले त्याला आता तिसरं वर्ष. टाकी मी चालवते, एक हिस्सा काढून, तीन हिस्से ठेवून. काम काही फार नाही. पण ते शब्द बोलायला घरात कुणी नाही. मुलाला फोनवर "आज पाणी बदललं" म्हटलं की तो विचारतो, "टँकर आल्ता का?"

मागच्या महिन्यात माशांचं खाणं आणायला दुकानात गेले. एक नवी नवरी, नवी टाकी आणि पिशवीत चार गोल्डफिश घेऊन उभी होती.

"आजच सोडणार का ग?"

"हो आजी. का?"

मी स्टूल ओढलं आणि बसलेच. सायकल, क्लोरीन, पिकलेलं पाणी, सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, "आजी, माझं गिऱ्हाईक पळवून राह्यल्या तुम्ही." मी म्हटलं, "पळवत न्हाई, टिकवून राह्यले." पोरगी हसली, मासे दुकानातच ठेवले आणि माझ्या मागोमाग घरी आली.

चालू फिल्टरमधला स्पंज नव्या टाकीत टाकला की ती लवकर पिकते. तो स्पंज ह्यांच्या हातचा. कात्री लावताना मी थांबले. पोरगी घाईनं म्हणाली, "राहू द्या आजी." तिनं तसं म्हटलं म्हणूनच कापला. टाकीतल्याच पाण्यात बुडवून, डब्यात घालून अर्धा तिला दिला.

काल तिचा फोन आला. "आजी, पाणी दुधासारखं पांढरं झालं. सगळं बदलू का?"

"बिलकुल न्हाई. हात लावू नको. जंतू वाढताना होतं तसं, आपोआप निवळतं." बोलताना किती बरं वाटलं, काय सांगू.

"पण आजी, तुमचा स्पंज टाकला, तरी का झालं?"

आमचंही पाणी एकदा असं पांढरं झालं होतं. हे टाकीला टेकून बराच वेळ समजावत होते, हात हलवत. हात मला दिसतात. पुढ्यातल्या मेथीची जुडीसुद्धा दिसते. शब्द तेवढे आठवत नाहीत.

"थांब," मी म्हटलं, "ह्यांना विचारून सांगते."

"बरं आजी. विचारा, मी फोन चालूच ठेवते."